बूथकाकांचा पिंपळ

बूथकाकांचा हात धरायचा नाही, हे आमच्या गल्लीतलं पोर शाळेत जायच्या आधी शिकायचं. त्यांना दोन्ही डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, डोळे गेले. पण कुणी कळवळून दंडाला धरलं की काका जागच्या जागी उभे राहायचे, हात सोडवून घ्यायचे आणि म्हणायचे, "हात नगं, हाक मारा. हाकेनं माणूस सोबत येतो, हात धरला की फरफटत येतो." मग काठी टेकत आपल्या वाटेनं चालू लागायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काय तऱ्हेवाईक म्हातारा आहे! आम्हाला त्यात काही नवल वाटायचं नाही.

एकदा नांदेडच्या गाडीची वाट बघत ते नायगावच्या स्टँडवर उभे होते. कोण जाणे कुठली बाई, बहुतेक त्या दिवशी पुण्य गाठीला बांधूनच घरी जायचं ठरवून निघालेली, "चला बाबा, गाडी सुटंल" करत तिनं त्यांना धरलं आणि एका बसमध्ये नेऊन बसवलं. गाडी गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आला तेव्हा कळलं की गाडी देगलूरची. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा करून उतरला असता. काका देगलूरला गेले, स्टँडसमोर मिरचीभजी खाल्ली, एका जुन्या ओळखीच्या माणसाला बोलावून घेतलं, त्याच्याशी गप्पा हाणल्या आणि दिवस मावळायच्या आत परत आले. मग आठवडाभर गल्लीत तोच विषय. "पुण्य त्या बाईला लागलं अन् देगलूर मला. पर भजी मातर झकास, वैनी!"

वैनी म्हणजे माझी आई. आमचं आणि काकांचं घर भिंतीला भिंत लागून. आमचं किराणा दुकान, आम्ही लिंगायत; काका बौद्ध. त्यांची बायको मी लहान असतानाच गेली. एकुलती मुलगी सुजाता नर्स झाली, लग्न होऊन लातूरला गेली, आणि तेव्हापासून काका एकटे. एकटे म्हणजे अगदी एकटे, स्वयंपाकासकट. आई भाजीची वाटी घेऊन गेली की ते घेत, पण फुकट घेत नसत. एखादी टिप्पणी हाणायचेच. "वैनी, आज मीठ जास्ती हाय. मालकासंगं भांडून फोडणी टाकली का काय?" आणि आई घरी येऊन बाबांना सांगायची, "बगा, भाऊजींना सुद्धा कळलं." त्या दोघांचं नातं असं होतं. सख्ख्या दिराचं जेवढं बोलणं तिनं ऐकून घेतलं नसतं, तेवढं ती काकांचं ऐकायची.

त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला आणि मतदारयादीला ठाऊक. स्टँडच्या रस्त्याला त्यांचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता, म्हणून ते बूथकाका. काचेच्या खोलीत माणूस बोलत असला की काका बाहेर रेडिओ मोठा करून बसायचे, कुणाचं घरचं बोलणं आपल्या कानावर येऊ नये म्हणून. पण रिसीव्हर ठेवल्याचा आवाज कुठं लपतोय? आदळला तर भांडण. अलगद ठेवला तर लेकीच्या सासरचं काही तरी. आणि रिसीव्हर जागेवर बसायलाच तयार नसेल, नुसताच खडखडत असेल, तर काका उठून माठातलं पाणी भरून आणायचे. आमच्या आज्याची बातमी उदगीरहून आली ती त्याच फोनवर. आई काचेचं दार ढकलून बाहेर आली तर समोर पाण्याचा पेला धरून काका उभे. आई अजून सांगते, त्या दिवशी कुणी "काय झालं" म्हणून विचारलं असतं तर ती तिथंच कोसळली असती.

मग घराघरात मोबाइल आले आणि बूथ बसला. बरेच दिवस त्यांनी रिचार्ज विकून पाहिला, मग पाटी उतरवली. रडगाणं नाही. "लोकांचं सुखदुःख आता ज्याच्या त्याच्या खिशात गेलं. माझ्या कानाला सुटी मिळाली," म्हणाले, आणि सकाळी कटिंगच्या दुकानात पेपर ऐकायला, संध्याकाळी विहारात, असा आपला दिवस बांधून घेतला. सगळीकडं एकटे. गाव मोठं होत गेलं, मोटारसायकली वाढल्या, काकांचं हिंडणं काही थांबलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले तेव्हा पहिल्या दिवशी मला सोडायला स्टँडपर्यंत आले. म्हणजे बघा, डोळस मास्तरीणबाईंना सोडायला कोण, तर बूथकाका. "लिले, पोरांला मारू नगंस," एवढंच म्हणाले. माझं नाव शिवलीला; लिले म्हणणारे आता थोडेच उरलेत.

आता पिंपळाचं सांगते, नाही तर हे सगळं सांगून उपयोग नाही.

काकांच्या अंगणात, फाटकाला लागूनच, पिंपळ होता. काकांच्या वडिलांनी धर्मांतर केलं त्या वर्षी रोपटं आणून लावलं होतं. काका तेव्हा रांगत होते. "मी अन् झाड बरुबरीचे," असं ते सांगायचे. त्यांच्या घरात तो बोधिवृक्ष. आमच्या घरात तो नुसता पिंपळ, आणि आईच्या मते त्याच्यावर मुंजा राहायचा. दर शनिवारी आई तांब्या घेऊन त्याच्या बुंध्याशी पाणी घालायला जायची आणि काका ओसरीवरून ओरडायचे, "वैनी, पाणी घाला, शंभर वेळा घाला, पर माझ्या बुद्धाला मुंजा म्हणू नगा!" आई म्हणायची, "मी मनातल्या मनात म्हणते." ह्यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही आणि कधी भांडणही झालं नाही.

मी लहान असताना काकांनी मला ओसरीवर बसवून डोळे मिटायला लावले होते. "ऐक. लिंबाला वारा लागतो तवा तो बोलतो. चिंच तर बोलतच न्हाई, लई घुमी. अन् पिंपळाला वारा बिरा काई लागत न्हाई. बोलतच राहतो, तुझ्या आईवानी." खरंच होतं ते. चैत्रातल्या भर दुपारी, पान हलत नाही असं आपण म्हणतो तेव्हाही, त्या पिंपळाची बारीक सळसळ चालूच असायची. पिठाच्या गिरणीचं वळण घेतलं की काकांना ती ऐकू यायची. तिथून पुढं ते काठी नुसती हातात धरायचे. चेहऱ्यावर सावलीचा गारवा आला की डावीकडं वळायचं, हात पुढं केला की फाटकाची कडी. आधी गल्ली उंचसखल होती, आमच्या दारापुढं एक डुगडुगणारी फरशी होती, त्यावरूनही त्यांना कळायचं. मग सिमेंटचा रस्ता झाला, सगळं सपाट. फाटकंही सगळ्यांनी एकाच दुकानातून आणलेली. आम्ही खूश झालो, चिखल गेला म्हणून. काकांना मात्र त्या गल्लीत आपलं घर सांगणारं एकच उरलं, तो पिंपळ. हे आम्हाला तेव्हा कुणालाच सुचलं नाही, आणि काका असल्या गोष्टी बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते.

पावसाळ्याआधी वीज कंपनीची माणसं तारांजवळच्या फांद्या छाटायला येतात, ती तुमच्याकडंही येत असतील. झाड तुमच्या अंगणातलं असो, तुमच्या बापानं लावलेलं असो, फांदी तारेला लागत असेल तर ती तोडायचा कंपनीला कायद्यानं हक्क आहे. काकांना त्याचं वावडं नव्हतं. "तार म्हंजी काय खेळ हाय का? वल्ली फांदी टेकली अन् खालून कुणाचं लेकरू गेलं तर? तोडायलाच पायजे. तोडायचा हक्क त्यांला हाय. पर इजाजत मागायला काय जीभ झिजती?" कुणी वकिलानं त्यांच्या कानात भरवलं होतं की झाड आधीचं आणि तार मागून आलेली असेल तर भरपाई मागता येते. काका हसले होते. "भरपाई घिऊन काय करू? फांदी चिकटवू?"

आमच्या भागाचा वायरमन दत्ता. तो इजाजत मागायचा. त्याच्या हातात कोयता असायचा, पण पिंपळाला हात लावायच्या आधी तो चपला फाटकाबाहेर काढायचा, झाडाला हात जोडायचा आणि म्हणायचा, "काका, तुमी तोंडानं 'तोड' म्हणा बरं. मंग मला पाप न्हाई." काका खुर्ची टाकून खाली बसलेले. "तोड. पाप माझ्या नावावर लिव, माझ्या नावावर तसं काईच न्हाई." मग दत्ता वर चढायचा आणि काका खालून नुसत्या आवाजावर त्याला सांगायचे, "ती न्हाई रे बाबा, ती तारंपसून लांब हाय. तिच्या वरची." तारेच्या बाजूच्या काही फांद्या जायच्या, बाकीचं झाड तसंच राहायचं, आणि खाली उतरल्यावर दत्ताला चहा मिळायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कंपनीचा हक्कही राहिला, काकांचा मानही राहिला.

त्या उन्हाळ्यात मात्र कंपनीनं छाटणीचं काम ठेकेदाराला दिलं. दत्ताला दुसऱ्या गावच्या लाइनवर पाठवलं. आणि एके दिवशी, काका कटिंगच्या दुकानात पेपर ऐकत बसलेले असताना, कुणी तरी येऊन त्यांच्या फाटकाच्या पत्र्यावर नोटीस चिकटवून गेलं.

आंधळ्या माणसाच्या फाटकावर छापील कागद! काकांचा हात रोज कडीवर जायचा. कागद कडीच्या वीतभर वर. ते बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. कागद तिथंच. गल्लीतल्या कुणाला वाटलं नगरपंचायतीचा असेल, कुणाला वाटलं शिकवणीची जाहिरात असेल. फक्त आईनं तो थांबून वाचला. तिला वाचायला वेळ लागतो, पण वाचला तिनं सगळा. मी त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी लातूरला होते. मागाहून मी तिला विचारलं, नव्हे, ओरडलेच तिच्यावर, "आई, तू वाचलास ना? मग सांगितलं का नाहीस काकांना?" आईचं तोंड उघडं ते उघडंच. मग म्हणाली, "अगं, मला वाटलं... त्यांनी वाचलं असंल की."

तुम्ही काय बोलला असतात?

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काका नातीच्या वाढदिवसाला लातूरला गेले. ते तिकडं असताना टोळी आली. बाहेरगावची माणसं, हातात करवतीचं मशीन. त्यांना ना मुंजा ठाऊक, ना बुद्ध, ना बूथकाका. आधी तारेकडची बाजू काढली. मग, पुन्हा पुन्हा कोण येणार म्हणून, उरलेलंही काढलं. आई मध्ये पडली. "आरं, एवढं कामून तोडायलाव? घरधनी न्हाई घरी, येऊ द्या त्यांना." मुकादम म्हणाला, "मावशी, नोटीस दिलेली हाय." आई मागं सरली. तिला वाटलं, काकांनी नोटीस वाचून, सगळं ठरवून, डोळ्यांसमोर बघायला नको म्हणूनच लातूर गाठलं असेल. डोळ्यांसमोर! संध्याकाळपर्यंत शेळ्यावाल्यांनी डहाळ्या ओढून नेल्या, अंगण झाडल्यासारखं साफ. पायाखाली एक पान उरलं नाही. बुंधा आणि दोन खुंट तेवढे राहिले.

फोन करून सांगावं असं आईच्या मनात आलं होतं. बाबा म्हणाले, "माणूस लेकीकडं चार घास सुखानं खायला गेलाय, कशाला उगं फोनवर सांगायलीस? आल्यावर समोर बसून सांगू." बरोबरच होतं. आपल्याकडं वाईट बातमी अशीच धरून ठेवतात, माणूस घरी पोचेपर्यंत. आईनं ठरवलं, ते यायच्या दिवशी आपणच गिरणीपाशी जाऊन थांबायचं. पण काका दुपारच्या गाडीनं निघणार होते ते सकाळच्याच गाडीनं निघाले. ऑटोवाल्यानं त्यांना नेहमीप्रमाणं वळणावर सोडलं. घरापर्यंत सोडलेलं त्यांना चालत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं.

आई चुलीपाशी होती, दूध तापत ठेवलेलं. तिला काठीचा आवाज ऐकू आला. काका आले, असं तिच्या मनात आलं आणि दूध उतरवून बाहेर जावं म्हणून ती उठली. पण काठीचा आवाज थांबला नाही. आमचं दार गेलं, काकांचं फाटक गेलं, आवाज पुढंच चालला. कटिंगच्या दुकानाला निघाले वाटतं, असं म्हणत ती पदर खोचत बाहेर आली तेव्हा काका गल्लीच्या टोकाला पोचले होते. तिथं नालीसाठी खड्डा खणून ठेवलेला. आईनं हाक मारली. तिची हाक आणि त्यांचं पडणं एकदमच झालं.

बाबा आणि गिरणीवाल्यानं त्यांना वर काढलं. खुबा मोडला होता. पण काकांना त्या क्षणी दुखण्याचं काही नव्हतं. आई रडत जवळ बसली तेव्हा तिच्या आवाजाकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "वैनी, माझं घर कुठं गेलं?"

लातूरला सुजाताच्या ओळखीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी प्रशिक्षण सोडून तिकडंच धावले. काका पलंगावर उताणे पडलेले, आणि पहिल्यांदाच मला ते आंधळे दिसले. खोटं कशाला बोलू, तोपर्यंत कधी दिसले नव्हते. मला म्हणाले, "लिले, मला वाटलं ऑटोवाल्यानं भलत्याच गल्लीत उतरवलं. आवाज न्हाई, सावली न्हाई. उन्हाचा चटका तोंडावर. म्हटलं ही आपली गल्ली न्हवं. कुणाला तरी हाक मारून इचारावं, तर लाज वाटली बग. म्हातारा आपलंच घर इचारायलाय म्हणतील. म्हणून चालत गेलो." जन्मभर लोकांना हाक मारा म्हणून सांगितलं ह्या माणसानं, आणि त्याला स्वतःला त्या दिवशी हाक मारायला लाज वाटली. मला रडू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "किती ठेवलंय?" मी खरं ते सांगितलं. ते सुजाताला म्हणाले, "पोरीला चहा सांग."

मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. भांडायच्याच तयारीनं गेले होते. माझी जीभ कशी आहे हे आमच्या शाळेत विचारा. साहेब माझ्याहून लहान, गरीब चेहऱ्याचा. त्यानं शांतपणे मोबाइलमधला नोटिशीचा फोटो दाखवला. "मॅडम, नियमाप्रमाणं नोटीस चिकटवलेली आहे. आम्हाला अधिकार आहे." मी म्हटलं, "अधिकार आहे हो. काका स्वतःही तेच सांगायचे सगळ्यांना. पण ज्याचं फाटक आहे त्याला दिसत नाही." त्यानं फोटो पुन्हा बघितला, जणू त्यात ते कुठं तरी लिहिलेलं असेल. "आम्हाला कुणी सांगितलं नाही," म्हणाला. आणि माझी सगळी भांडायची तयारी तिथंच गळाली, कारण आम्ही तरी कुठं कुणाला सांगत होतो? त्या संध्याकाळी दत्ता आमच्या घरी आला. बदलीच्या गावाहून ऐकून आला होता. आमच्या पायरीवर बसून राहिला, चहा घेतला नाही. "मी असतो तर," एवढंच म्हणाला, दोनदा तीनदा.

काका पुन्हा नायगावला आले नाहीत. सुजाताचं घर तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीचं, खाली रिंगरोडच्या गाड्या. तिनं काही कमी केलं नाही हो, लेक म्हणून कुणी करणार नाही एवढं केलं. पण पलंगावरून उठायचं तर एका बाजूनं ती आणि एका बाजूनं जावई. काका कुणालाच काही म्हणायचे नाहीत, मुकाट्यानं हात द्यायचे. मला ते बघवायचं नाही. दिवाळीच्या सुटीत गेले तेव्हा गावचं काही विचारलंही नाही त्यांनी. थंडी सुरू झाली आणि ते गेले. छातीत कफ झाला म्हणतात डॉक्टर. मला विचाराल तर ते त्या गल्लीच्या टोकालाच गेले. लातूरला नुसते पडून होते.

पिंपळ कुठं मरतोय! फाल्गुनात खुंटांना लालसर पालवी फुटली, आता चांगला हातभर पसारा झालाय. सळसळतोसुद्धा. आई शनिवारी पाणी घालते, पण दुपारी चुलीपाशी बसली की त्या बाजूची खिडकी लावून घेते.

मला राहून राहून आठवतो तो मात्र आईच्या आणि त्यांच्या शेवटच्या भेटीचा दिवस. काका पडल्यापासून आई लातूरला जायलाच तयार नव्हती. आज दुकान, उद्या गुडघा, परवा पाहुणे. मी गेले की काका विचारायचे, "वैनी न्हाई आल्या?" मी सबबी सांगायचे आणि त्यांना त्या खऱ्या वाटायच्या नाहीत. शेवटी दिवाळीच्या आधी एका रविवारी मी आईला जवळजवळ ओढूनच नेलं. तिनं पहाटे उठून धपाटे केले होते. डबा मांडीवर धरून ती काकांच्या पलंगाशी स्टुलावर बसली आणि बोलेचना.

"वैनी, तुमी गप? लातूरला भूकंप व्हईल परत," काका म्हणाले.

तेव्हा ती बोलली. एका दमात, खाली बघत. "भाऊजी, मी कागद बघितला होता. वाचला होता. मला वाटलं, तुमी वाचला असंल. महादेवाची शपथ, मला असंच वाटलं. मी तुमचं वाटोळं केलं."

सुजातानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, कशाला आणलं मी हिला, आता काय ऐकून घ्यावं लागतंय. आणि काका हसले. नुसतं ओठांनी नाही. पोटापासून हसले, इतकं की खुब्यातून कळ गेली आणि कण्हायला लागले, तरी हसतच होते.

"खरंच वाटलं तसं? का मला बरं वाटावं म्हणून म्हणायल्यात?"

"मनातच आलं न्हाई भाऊजी, तुमाला दिसत न्हाई म्हणून."

काकांनी डोळे पुसले. म्हणाले, "वैनी, रडू नगा. जन्मभर मी ह्याच्यासाठीच हिंडलो. येकाला तरी इसर पडावा. माझ्या बायकूला पडला न्हाई, माझ्या लेकीला पडला न्हाई. तुमाला पडला." मग डब्याकडं नाक वळवून म्हणाले, "धपाटे गार करायल्यात का?" त्यांनी आमच्यासमोर दोन खाल्ले. सुजाता म्हणाली, कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले.

परतीच्या बसमध्ये मी आईला म्हटलं, बघ, त्यांच्या मनात काही नाही, उगाच जिवाला खात होतीस. आई खिडकीबाहेर बघत होती. अहमदपूर गेलं. मी समजले, तिला हलकं वाटत असेल. मग तिनं माझा हात घट्ट धरला.

"शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या गं लिले," ती म्हणाली. "हे कसं सोसू?"